२०१९ चा रिपोर्ट आणि आताचा रिपोर्ट: गाठ तीच, नाव वेगळं. कुणाला अनुभव?

कृष्णाकाठ (९ मार्च, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच सापडते, आज जरा वेगळं विचारायचंय.

माझा धाकटा भाऊ ३९ वर्षांचा आहे. २०१९ च्या श्रावणात दाढी करताना त्याचा उजवा हात आपोआप उडायला लागला, रेझर बेसिनमध्ये पडलं आणि तो आरशासमोरच कोसळला. आयुष्यातली पहिली फिट. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, बहुतेक सगळी काढली म्हणाले. रिपोर्ट आला: 'ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा, एनओएस, ग्रेड २'. हळू वाढणारी आहे, रेडिएशन आत्ता नको, दर सहा महिन्यांनी एमआरआय करत राहा असं सांगितलं. एकही चुकवला नाही. लॉकडाऊनमध्ये ई-पास काढून केला.

यंदा जानेवारीत जुन्या जागेच्या कडेला थोडी वाढ दिसली, म्हणून मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "ब्लॉक कुठंय?" मला वाटलं, मुंबईत कुणाकडे उतरलोय ते विचारतायत. म्हटलं, नणंदेचा आहे, डोंबिवलीला. ते हसले नाहीत, बिचारे. त्यांना मेणाचा ब्लॉक हवा होता, काढलेल्या गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो. जुन्या लॅबला तो शोधायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांवर वेगळा धागा निघेल.

त्या ब्लॉकवर नव्या तपासण्या झाल्या. आता रिपोर्ट म्हणतो: 'अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड २'. तुकडा तोच, २०१९ चाच. मग पहिला रिपोर्ट चुकीचा होता का? साडेपाच वर्षं आम्ही भलत्याच आजाराची राखण करत बसलो का? भाऊ काल जेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ताई, म्हणजे मला दुसरंच काहीतरी होतं होय?" मला उत्तर देता आलं नाही.

पोहे_विदाउट_शेंगदाणे (९ मार्च, रात्री ११:०५)

वाचतेय. माहिती काहीच नाही, पण धागा वर राहावा म्हणून.

जांभळी_स्लाइड (१० मार्च, सकाळी ६:५०)

कृष्णाकाठताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरात. माझा आयडी स्लाइडच्या रंगावरूनच घेतलाय. तुमच्या भावाच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे उपचारांवर बोलणार नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पहिल्या रिपोर्टातच आहे: 'एनओएस' या तीन अक्षरांत.

एनओएस म्हणजे 'याहून नेमकं सांगता येत नाही'. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण सुधारलं, तेव्हा प्रथमच जनुकांची माहिती गाठीच्या नावातच आणली. ज्या लॅबकडे त्या तपासण्या नव्हत्या, त्यांनी नावापुढे एनओएस लावायचं असं ठरलं. म्हणजे तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं होतं: मी डोळ्यांनी पाहिलं, जनुक पाहिलेलं नाही. ही चूक नव्हे. चूक झालीच असेल तर ती तीन अक्षरं तुम्हाला कुणी उलगडून सांगितली नाहीत, ही.

आता थोडं मागे जाते. १९२६ साली अमेरिकेत कुशिंग आणि बेली यांनी या गाठींची पहिली पद्धतशीर मांडणी केली. गाठीतली पेशी मेंदूतल्या कुठल्या पेशीसारखी दिसते, त्यावरून नाव. चांदणीसारखे फाटे असलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटसारखी दिसली की अ‍ॅस्ट्रोसायटोमा. गोल केंद्रक आणि भोवती मोकळी पांढरी कड, म्हणजे तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखी दिसली की ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. नव्वद वर्षं आम्ही याच वाटेने गेलो. आणि ज्या गाठीत दोन्ही दिसायचं ती 'ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा', मिश्र गाठ.

खरं सांगू? ही मिश्र गाठ आमची कायमची डोकेदुखी होती. तीच स्लाइड दोघांना दाखवा, दोन नावं यायची. शिकत असताना आमचे एक सर म्हणायचे, "सोमवारी बघितली तर ऑलिगो, शुक्रवारी बघितली तर मिक्स्ड." जनुकं तपासायला लागल्यावर कळलं की यातल्या जवळपास सगळ्या गाठी एकतर या बाजूच्या असतात किंवा त्या. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत मिश्र गाठ यादीतूनच गेली. म्हणजे तुमच्या भावाला दुसरा आजार नव्हता, त्या आजाराचं नावच राहिलेलं नाही. आणि ग्रेड २ ची गाठ चांगली निघालेली असताना तरुण माणसाला नुसतं नजरेखाली ठेवणं, हे तेव्हा वावगं नव्हतं.

एक विचारते: नव्या रिपोर्टात 'एटीआरएक्स' आणि 'सीडीकेएन२ए/बी' असे शब्द आहेत का? ही जनुकांची नावं आहेत.

कृष्णाकाठ (१० मार्च, सकाळी ९:१५)

डॉक्टर, 'स्वच्छ लिहून दिलं होतं' हे वाचून रडू आलं. मी त्या माणसाला साडेतीन आठवडे मनातल्या मनात शिव्या घालतेय.

हो, आहेत. "आयडीएच१ आर१३२एच: पॉझिटिव्ह. एटीआरएक्स: लॉस. पी५३: पॉझिटिव्ह. सीडीकेएन२ए/बी: होमोझायगस डिलिशन आढळले नाही." यातलं पॉझिटिव्ह चांगलं की वाईट, तेही कळत नाही.

झणझणीत_रस्सा (१० मार्च, दुपारी १:३०)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाव बदलून काय उपयोग? ऑपरेशन, शेक आणि गोळ्या, इलाज तोच ना? माझ्या मावसभावाच्या वेळी एकेका टेस्टसाठी पाकिटं बाहेर पाठवत होते, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "ट्रीटमेंटमध्ये बदल नाही." पेशंटने आधी औषधाचा पैसा बघायचा की बारशाचा?

जांभळी_स्लाइड (१० मार्च, रात्री ९:२०)

रस्सासाहेब, 'बारसं' झकास :) प्रश्न रास्त आहे. पण आधी ताईंना सांगते.

आयडीएच हे पेशीतलं साधं, रोजच्या कामाचं एन्झाइम. त्याच्या जनुकात एका जागी बदल झाला की ते २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं भलतंच रसायन बनवायला लागतं आणि ते साचून पेशीतली बाकीची जनुकं चालू-बंद होण्याची घडीच बिघडते. हे सापडलं २००८ मध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २२ ग्लिओब्लास्टोमांमधली (या कुळातली सगळ्यात आक्रमक गाठ) वीस हजारांवर जनुकं वाचून काढली, त्यात हे कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं जनुक वर आलं. पुढे लक्षात आलं की हा बदल असलेले रुग्ण बहुधा तरुण असतात आणि बरेच जास्त जगतात. म्हणून आयडीएच 'पॉझिटिव्ह' असणं ही या आजारात त्यातल्या त्यात बरी बातमी.

तपासणी दिसते कशी? केसाहून पातळ काप, त्यावर प्रतिपिंड, मग रंग. निळसर पार्श्वभूमीवर गाठीच्या पेशी कॉफी सांडल्यासारख्या तपकिरी उमटतात. कडेच्या निरोगी वाटणाऱ्या मेंदूत मध्येच एक एकटी तपकिरी पेशी दिसते. नुसत्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर ती मला कधीच ओळखू आली नसती. ग्लिओमातले (या सगळ्या गाठींचं कुळाचं नाव) सुमारे नव्वद टक्के आयडीएच बदल या एका प्रतिपिंडाने पकडले जातात. उरलेल्यांसाठी जनुकाचा क्रम वाचावा लागतो. म्हणून रुग्ण पंचावन्नच्या आतला आणि ही तपासणी निगेटिव्ह असेल तर तिथे थांबू नये.

एटीआरएक्सचं उलटं. निरोगी केंद्रकं तपकिरी होतात, गाठीची कोरी राहतात. मधल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र तपकिरी दिसल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर रंगच नीट चढलेला नाही, पुन्हा करा. आयडीएच बदललेलं आणि एटीआरएक्स गेलेलं, की अ‍ॅस्ट्रोसायटोमा. एटीआरएक्स शाबूत असेल तर १पी/१९क्यू बघायचं, म्हणजे पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आणि एकोणिसाव्याची लांब भुजा दोन्ही गळाल्यात का. ती फिश तपासणी अंधाऱ्या खोलीत बसून करतात: निरोगी केंद्रकात दोन हिरवे, दोन लाल ठिपके, भुजा गळाली असेल तर हिरवे दोन, लाल एकच. शंभरेक केंद्रकं मोजा, मग डोळे चोळा. दोन्ही भुजा गळालेल्या असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा.

आता रस्सासाहेबांचं 'इलाज तोच'. १९९४ साली अमेरिकेत एक चाचणी सुरू झाली: ग्रेड ३ च्या ऑलिगो आणि मिश्र गाठींना नुसतं रेडिएशन, की जोडीला पीसीव्ही, म्हणजे प्रोकार्बाझिन, लोमस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच वाटले. पण २०१३ मध्ये दीर्घकाळाचे आकडे आले. दोन्ही भुजा गळालेल्यांत मध्यम आयुर्मान नुसत्या रेडिएशनने ७.३ वर्षं, जोडीला औषध असेल तर १४.७. भुजा शाबूत असलेल्यांत २.७ आणि २.६, म्हणजे काडीचा फरक नाही. औषध तेच, स्लाइडवर गाठीही सारख्याच. बारसं कुठल्या नावाने झालं यावर सात वर्षं अवलंबून होती.

झणझणीत_रस्सा (१० मार्च, रात्री १०:०२)

सात वर्षं? बरं. शब्द मागे घेतो. खर्चाचा मागे घेत नाही.

जांभळी_स्लाइड (१० मार्च, रात्री १०:१५)

घेऊही नका. म्हणूनच इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कोलॉजीने २०१९ मध्ये आपल्याकडच्या लॅबसाठी पायऱ्या ठरवून दिल्या: आधी साधे रंग, मग गरज असेल तरच फिश, मग क्रमवाचन. ताईंच्या भावाचं दोन-तीन रंगांतच उलगडलं. सरसकट पाचशे जनुकांचं पॅनल कुणी पहिल्याच दिवशी हातात ठेवलं तर 'याने उपचारात काय बदलेल?' हे नक्की विचारा.

पिंपळपान (११ मार्च, रात्री १२:४०)

लिहू की नको करत होतो. आमचं उलट्या बाजूने झालं.

वडील ६१ वर्षांचे. बोलताना शब्द सापडेनात, 'चमचा' म्हणायचं तर 'ते... ढवळायचं'. गाठ अशा जागी की फक्त बायोप्सी घेतली. तोंडी कळवलं की पेशी शांत दिसतात, ग्रेड २ वाटतोय. आईने त्या संध्याकाळी शेजारी पेढे दिले. बारा दिवसांनी अंतिम रिपोर्ट: आयडीएच बदललेलं नाही, टर्ट प्रमोटरमध्ये (टर्ट जनुक चालू-बंद करणारा भाग) बदल आहे, म्हणून 'ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४'. मी डॉक्टरांशी भांडलो. म्हटलं, तुम्हीच म्हणालात पेशी शांत आहेत. ते म्हणाले, "दिसतात शांत. आहेत नाही."

बाबा तेरा महिने होते. माझा प्रश्न त्यांच्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी आहे: दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग दुर्बीण कशाला?

जांभळी_स्लाइड (११ मार्च, सकाळी ७:०५)

पिंपळपान, वाईट वाटलं. पेढ्यांचं वाचून फार वेळ काही लिहवेना.

२०२१ चा नियम असा: प्रौढांतल्या अशा पसरणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसायटिक गाठीत आयडीएच बदललेलं नसेल, आणि टर्ट प्रमोटरचा बदल, ईजीएफआर जनुकाच्या बेसुमार प्रती, किंवा सातवं गुणसूत्र जास्तीचं आणि दहावं गायब, यांतलं एक जरी सापडलं, तरी ती ग्लिओब्लास्टोमाच. कारण तिची पुढची चाल तशीच असते. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. तो गाठीच्या शांत कोपऱ्यातून आला असेल तर दुर्बीण फसते, पण जनुक त्या कोपऱ्यातही तेच असतं.

दुर्बीण तरीही लागते. तुकड्यात गाठ आहे की नुसती सूज, कुठला भाग तपासायला द्यायचा, हे डोळेच ठरवतात. जनुकाचा निकाल आणि स्लाइड एकमेकांशी जुळेनात तर आधी मी नमुन्यांची अदलाबदल झाली का ते बघते.

तोंडी 'ग्रेड २ वाटतोय' सांगणं मी सोडून दिलंय. 'गाठ आहे, प्रकार आठवड्याभराने' एवढंच सांगते. लोक रागावतात.

नेकार_किनारा (११ मार्च, दुपारी ३:३०)

हायडेलबर्गहून लिहितोय. मी डॉक्टर नाही, संगणकवाला, पण ऑफिस इथल्या कर्करोग संशोधन केंद्राच्या जवळच, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हे विषय असतात. इथल्या गटाने २०१८ मध्ये डीएनएवरच्या मेथिलेशनच्या खुणांवरून गाठ ओळखणारी पद्धत प्रसिद्ध केली. मेथिलेशन म्हणजे पुस्तकातला मजकूर तोच, पण कुठल्या पानांना क्लिपा लावून बंद केलंय ती नोंद. ती नोंद गाठीच्या मूळ पेशीची ओळख सांगते. अठ्ठावीसशे नमुन्यांवर संगणकाला शिकवलं आणि मग अकराशेहून जास्त नव्या रुग्णांवर चालवून पाहिलं, तर सुमारे १२ टक्क्यांचं निदान बदललं.

त्याच्या पुढचं: २०२३ मध्ये नेदरलंड्समधल्या उत्रेख्तच्या लोकांनी ऑपरेशन चालू असतानाच हे केलं. नमुना काढल्यापासून दीड तासाच्या आत उत्तर. २५ ऑपरेशनांपैकी १८ मध्ये नेमकं नाव सांगितलं, उरलेल्या ७ मध्ये यंत्राने खात्री नाही म्हणून सांगितलं. मला ते सात जास्त आवडले.

पोहे_विदाउट_शेंगदाणे (११ मार्च, दुपारी ३:५५)

+१ त्या सातांना. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे यंत्र बसवा.

लेकुरवाळी (१२ मार्च, रात्री ११:१०)

माझ्या मुलाला सातव्या वर्षी मेड्युलोब्लास्टोमा झाला, लहान मेंदूतली गाठ. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि आत्ता शेजारी झोपलाय. त्याचा गट 'डब्ल्यूएनटी' निघाला. या आजाराचे चार गट असतात आणि त्यात हा सगळ्यात बरा, एवढं डॉक्टरांनी कागदावर चार गोल काढून सांगितलं होतं. तो कागद मी लॅमिनेट केलाय.

मला एकच टोचतं. सगळ्यात बरा गट, तर पूर्ण पाठीच्या कण्याला रेडिएशन का दिलं? त्याची उंची वर्गात सगळ्यात कमी आहे.

जांभळी_स्लाइड (१३ मार्च, सकाळी ६:४०)

लेकुरवाळी, हा प्रश्न मुंबईतच विचारून पाहिला गेलाय. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, नीलम शिरसाट यांच्या गटाने मेणाच्या ब्लॉकमधूनच हे चार गट ओळखता येतील अशी पीसीआर तपासणी २०१३ मध्ये मांडली होती. ताजा गोठवलेला नमुना आपल्याकडे क्वचितच मिळतो, म्हणून तिचं मोल मोठं. पुढे टाटा मेमोरियलने बऱ्या गटातल्या मुलांत कणा वगळून फक्त गाठीच्या जागी रेडिएशन देण्याची चाचणी घेतली. हेतू तुमच्याच मनातला: मूल वाढावं, शिकावं. पण वगळलेल्या भागातच काही मुलांत आजार परत आला. चाचणी अर्ध्यातच थांबवली आणि ते जाहीरपणे छापलं. म्हणजे गट कितीही बरा असला तरी कण्याला रेडिएशन लागतंच. मात्रा कमी करता येईल का, हे जगभर तपासलं जातंय.

उंचीसाठी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवा.

लेकुरवाळी (१३ मार्च, सकाळी ८:२२)

म्हणजे मी त्याला उगाच नाही दिलं.

कृष्णाकाठ (१३ मार्च, रात्री ९:००)

लेकुरवाळी, __/\__.

डॉक्टर, अजून एक. भावाने कुठेसं 'वोरासिडेनिब' वाचलंय. आयडीएचवरची गोळी. आम्हाला चालेल?

जांभळी_स्लाइड (१३ मार्च, रात्री १०:३०)

चालेल का, ते तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. माहिती देते. हे औषध त्या बिघडलेल्या एन्झाइमलाच अडवतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालं. चाचणीत ३३१ रुग्ण होते, सगळे ग्रेड २, ज्यांचं फक्त ऑपरेशन झालेलं. गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ गोळीने २७.७ महिने, नुसत्या साखरेच्या गोळीने ११.१. रेडिएशन पुढे ढकलता येतं, आजार बरा होत नाही.

आता जे सांगते ते नीट वाचा. तुमचा 'ग्रेड २' हा २०१९ च्या तुकड्याचा आहे. गाठ आज कुठे पोचलीय ते साडेपाच वर्षांपूर्वीचं मेण सांगू शकत नाही. आयडीएच बदलत नाही, ग्रेड बदलू शकतो. पुन्हा ऑपरेशन झालं तर नव्या तुकड्यावर सीडीकेएन२ए/बी पुन्हा बघायला सांगा. तो दोन्ही प्रतींतून गेलेला निघाला तर पेशी कशाही दिसोत, ग्रेड ४ धरतात.

कृष्णाकाठ (४ मे, सायंकाळी ५:४८)

धागा वर काढतेय. एप्रिलमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. अर्धं ऑपरेशन त्याला जागं ठेवून, बोलतं ठेवून केलं. आतल्या बाईंनी चित्रं दाखवून नावं विचारली, आणि हा पठ्ठ्या उसाच्या चित्राला 'को ८६०३२' म्हणाला, जात सांगून मोकळा. सर्जन म्हणे क्षणभर थांबले, भाषा बिघडली की काय म्हणून.

रिपोर्ट: अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ३. विभागणाऱ्या पेशी वाढल्यात. सीडीकेएन२ए/बी शाबूत आहे. त्यामुळे ती गोळी आता नाही, रेडिएशन आणि नंतर टेमोझोलोमाइड, म्हणजे केमो. १२ तारखेपासून सुरू.

तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून 'तीन' हा आकडा ऐकताना मी उभी राहू शकले. भावाने फक्त विचारलं, "नाव तेच ना? मग बरं. आता परत नवीन पाठ करायला नको."

पुण्याच्या त्या पहिल्या डॉक्टरांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं: २०१९ मध्ये त्यांच्याकडे हे रंग नव्हते, आता आहेत, आणि त्यांनी भावाची तब्येत विचारलीय.

एक बावळट प्रश्न. दोन्ही ऑपरेशनांचे ब्लॉक आता माझ्याकडे आहेत, एवढुशा प्लॅस्टिकच्या जाळीदार डब्या, नंबर घातलेल्या. फ्रीजमध्ये ठेवू का? आई फ्रीजला हात लावू देत नाहीये.

जांभळी_स्लाइड (४ मे, रात्री ८:१२)

आईंचं बरोबर आहे, फ्रीज नको. कोरड्या, सावलीतल्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर नाव, नंबर आणि तारीख लिहून. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कधीच नाही. ते मेण आहे आणि हा मे महिना.

पोहे_विदाउट_शेंगदाणे (४ मे, रात्री ८:३०)

आणि डब्यावर 'चकली' लिहू नका.